वहीत न मांडलेली बाकी

बँकेच्या नोकरीत पस्तीसहून अधिक वर्षे गेली. या काळात असंख्य खातेवह्या डोळ्यांखालून गेल्या. परंतु हिशेबाचा खरा अर्थ ज्या वहीने मला शिकविला, ती बँकेची नव्हती. ती होती शिरूरच्या, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या घोडनदीच्या, एका लहानशा जैन बोर्डिंगमधील भोजनालयाची वही.

१९७१ साली वडिलांनी मला तेथे ठेवले. न्हावऱ्याजवळच्या खेड्यात आमचे किराणा दुकान होते. पुढील शिक्षणाची सोय गावात नव्हती. पत्र्याची पेटी, वळकटी, पितळी तांब्या व ताट एवढा संसार घेऊन मी बोर्डिंगची पायरी चढलो. माझ्या शेजारच्या खाटेवर दौंडचा एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचे कापडदुकान स्टेशनजवळ होते. दौंड–मनमाड मार्ग १८७८ साली सुरू झाला, हे तो आपल्या घरचेच कार्य असल्यासारखे सांगे. ‘तुमची घोडनदी अखेर आमच्या भीमेलाच येऊन मिळते,’ असे म्हणून मला चिडवणे हा त्याचा नित्यनेम होता.

अंगणातील कडुनिंबाला दौंडहून आणलेला रुळाचा तुकडा टांगलेला होता. तीच आमची घंटा. पहाटे पाचला पहिला टोल पडे. हौदावर स्नान, मग नवकार मंत्र व प्रार्थना. सुट्टीच्या दिवशी अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक असे. त्या अवधीत डास चावला तरी हात न उचलणारे थोडे आणि डोळे मिटून झोपणारे पुष्कळ! नवकारशीनंतर दूध मिळे, त्यानंतर अभ्यास. दहा वाजता वरण, भात, भाजी, पोळी असे जेवण करून शाळा गाठायची.

संध्याकाळच्या जेवणाचे वेळापत्रक मात्र घड्याळावर नव्हे, सूर्यावर चाले. उन्हाळ्यात सातपर्यंत उजेड असे, तेव्हा मैदानावर खेळता येई. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळे. त्यामुळे शाळा सुटताच दप्तर सावरीत धावत सुटावे लागे. उशीर झाला तर चूल विझलेली आणि उद्याची नवकारशी दूर! कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. पंचतिथीला हिरवी भाजी नाही. त्या दिवशी स्वयंपाकी महाराज गट्ट्यांची किंवा पापडाची भाजी करीत. पाणी गाळण्याची पाळी मोठ्या मुलांकडे असे. जेवण झाले की ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, हा नियम होता. प्रारंभी आम्हांला त्याची किळस वाटे. १९७२ उजाडले आणि त्या नियमाचा अर्थ समजला.

त्या वर्षीचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. रेशनवर लाल मिलो आला. गावोगावी खडी फोडण्याची कामे निघाली. तेथे मुलांना सुकडी वाटली जाई. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांचा बराच भाग मुळातच अवर्षणप्रवण. वडिलांनी शेतकऱ्यांना दिलेली उधारी वसूल होईना आणि ज्याच्या घरात दाणा नाही, त्याच्या दारात वसुलीला जाण्याचे धैर्यही त्यांना होईना. बोर्डिंगचे मासिक शुल्क थकले.

अक्षर बरे म्हणून गृहपतींनी त्याच वर्षी भोजनालयाची वही माझ्याकडे सोपविली होती. दर महिन्याला मुलांची नावे लिहायची आणि समोर जमा रक्कम मांडायची. माझ्या नावासमोरचा रकाना मीच रिकामा सोडीत असे. पाच महिने असे गेले. सहाव्या महिन्यात लाज असह्य झाली व मी तेथे रक्कम लिहून टाकली.

बेरजेच्या दिवशी पेटीतील रोकड नेमकी तेवढ्याने कमी भरली. गृहपतींनी मला बोलावून घेतले. मी ब्लेडने तो आकडा खरवडू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला. “खरवडू नकोस. तांबड्या शाईने एक रेघ मार, खाली सही कर आणि शेजारी खरे काय ते लिही. चुकलेले दिसले पाहिजे.” मी तसे केले. मग वही मिटून ते म्हणाले, “आणि हे बघ, रकाना रिकामा आहे म्हणून तुझे ताट कधी रिकामे राहिले का?”

याहून अधिक ते काही बोलले नाहीत. ही गोष्ट वडिलांपर्यंत गेली नाही, मित्रांपर्यंतही नाही. दोन वर्षांनी पाऊसपाणी सावरल्यावर वडिलांनी सर्व थकबाकी चुकती केली. पुढे बँकेत कर्जवसुलीचे काम करताना समोरच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला शेतकरी दिसला की मला तो रकाना आठवे. नियम मोडता येत नसे. परंतु बोलण्याचा सूर माझ्या हाती होता.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र वाचले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच ते विद्यार्थी होते. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनास ते गेले व परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. समाजाच्या इतिहासातील हे पान संकोच वाटायला लावते. परंतु तेही खरवडू नये, चुकलेले दिसलेच पाहिजे. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीत बसविणारे वसतिगृह काढले. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या जमाखर्चाला कोणती वही पुरणार?

आज गावोगावी शाळा झाल्या, एसटी आणि मोटारसायकली आल्या. लहान गावांतील बोर्डिंगची गरज पूर्वीसारखी उरली नाही. मात्र त्यांच्या जागांना मोल आले. २०२५ मध्ये पुण्याच्या मॉडेल कॉलनीतील सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगच्या जागेचा व्यवहार समाजाच्या तीव्र विरोधानंतर रद्द झाला. जागा वाचली याचा आनंद आहेच. पण जागा वाचविणे म्हणजे बोर्डिंग वाचविणे नव्हे. खोल्यांत कोण राहतो, कोणाला प्रवेश मिळतो, ज्याच्या बापाचे पीक गेले त्या मुलाचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे सातबाऱ्यावर सापडत नाहीत.

म्हणून विश्वस्त बंधूंना माझी नम्र विनंती आहे. दरवर्षी हिशेब सर्वांसमोर ठेवावेत, आणि काही जागा अडचणीतील मुलांसाठी, मग ते मूल कोणत्याही समाजाचे असो, निश्चित राखून ठेवाव्यात. आपल्यापैकी जे अशा बोर्डिंगच्या अन्नावर वाढले, त्यांनी एकदा तेथे जाऊन यावे व एखाद्या मुलाचे वर्षाचे शुल्क भरावे. मी गेल्या काही वर्षांपासून तसे करतो. मुलाचे नाव विचारीत नाही. वडिलांनी त्यांची थकबाकी फेडली. माझ्याकडची मात्र अजून चालूच आहे.