तळ्याच्या पोटात चाललंय काय?

बालदोस्तांनो, तुंग किंवा तिकोना किल्ल्यावर गेला असाल, तर वरून पवना धरणाचा जलाशय पाहिलाच असेल. कसा आरशासारखा शांत! पिंपरी-चिंचवडच्या नळांना येणारं बरंचसं पाणी तिथलंच. धरणातून ते नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात आणि निगडीला शुद्ध करतात. पण हे शांत दिसणारं पाणी आतून स्वस्थ बसलेलं नसतं बरं का!

एक प्रयोग करा. पाण्यात निळी शाई मिसळून त्याचा बर्फ करा. काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन त्यात एक खडा अलगद सोडा. (शाईचं पाणी चुकून कुणी पिणार नाही, एवढं बघा हं!) बर्फ तरंगेल, पण त्यातून निळे धागे सरसर खाली उतरतील आणि तळाशी निळा थर जमेल. गार पाणी जड, ऊन पाणी हलकं.

जलाशयातही हेच घडतं. उन्हाळ्यात सूर्य वरचं पाणी तापवतो. ते हलकं होऊन वरच राहतं. वारा त्याला हलवतो, पण वरच्या वर. खाली गार पाण्याचा थर. दोघांचा जणू अबोलाच!

या अबोल्याचा त्रास होतो तळाला. पाण्यात प्राणवायू येतो तो हवेतून आणि पाणवनस्पतींकडून, म्हणजे वरच्या थरात. तळाशी पालापाचोळा कुजतो आणि असलेला प्राणवायूही संपवतो. मग तिथे मासे तग धरत नाहीत. गाळातलं लोह, मँगनीज पाण्यात उतरतं, वास येऊ लागतो.

थंडीत मात्र अबोला सुटतो. रात्री वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, वारा ढवळायला मदत करतो. तळाला पुन्हा प्राणवायू! पण एखाद्या घाण तळ्यात वादळी पावसाने हे एकदम झालं, तर तळचं निकस पाणी सगळीकडे पसरतं आणि सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात. लोकांना वाटतं, कुणी विष टाकलं. दर वेळी तसं नसतं.

वर्षातून एकदाचं हे ढवळणं पुरलं नाही तर? नैनीतालच्या तळ्यात तसंच झालं. सांडपाण्याने तळचा प्राणवायू इतका संपला, की २००७ पासून नळ्यांतून तळाशी हवा सोडावी लागली.

आपल्या पवना नदीत उन्हाळ्यात जलपर्णी पसरते, तीही सांडपाण्यावरच पोसते. दिसायला हिरवागार गालिचा! खाली मात्र ना ऊन पोचत, ना वारा.