यंत्र चालू, संपर्क बंद

पुणे-नाशिक रस्त्यावरच्या नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन बाहूंवर दूरवर शेतशिवारात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा पसारा सुमारे २५ किलोमीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत प्रत्येक अँटेनाला आज्ञा जाते ती ऑप्टिकल फायबरमधून. गेल्या दशकात दुर्बिणीची श्रेणीवाढ झाली, तेव्हा अँटेनावरच्या उपकरणांवर नजर ठेवणारी छोटी नियंत्रक कार्डेही इथरनेटवर आली. इथरनेट म्हणजे कार्यालयातल्या संगणकाला जी जाळ्याची केबल लावतात, तेच तंत्र.

अशा नियंत्रकाचा संपर्क तुटला तर काय बिघडते? ही दुर्बीण अँटेनांच्या जोड्या लावून पाहते. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. एक अँटेना गप्प झाली की ४०६ उरतात, म्हणजे एकदम २९ जोड्या गेल्या. दुसरी काळजी वाऱ्याची. ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात काम करता येईल अशी या अँटेनांची रचना आहे. वारा वाढला की तबकडीचे तोंड आकाशाकडे करून ती थांबवावी लागते. नेमक्या त्या वेळी नियंत्रक ऐकेनासा झाला तर? म्हणून अशा यंत्रणांमध्ये संपर्क तुटताच यंत्राने आपणहून सुरक्षित स्थितीत जावे, अशी सोय आधीच करून ठेवावी लागते.

हे फक्त खगोलशास्त्रज्ञांचे दुखणे नाही. चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावातून शहरातल्या प्रयोगशाळेत गेलेली रक्ताची नळी बहुधा अशाच यंत्रात शिरते. यंत्र तपासणी करते आणि निकाल केबलवरून संगणकाकडे पाठवते. मधला दुवा तुटला की यंत्राच्या पडद्यावर आकडे दिसतात, पण रिपोर्टमध्ये येत नाहीत. मग कुणीतरी ते पाहून हाताने टाइप करतो. क्रिएटिनिन १.२ च्या जागी १२ पडले, तर धडधाकट माणसाची मूत्रपिंडे कागदावर निकामी होतात. खरा धोका इथे आहे. उशीर झालेला एक वेळ परवडला.

बिघाड शोधायचा तो खालून वर, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून. घाईत केबल, पत्ता आणि सॉफ्टवेअर तिन्ही बदलले, तर यंत्र सुरू होईलही. पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि आठवड्याने तो परत येईल.

आधी केबलच्या खोबणीशेजारचा छोटा दिवा पाहावा. तो पेटलेला नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये डोके घालण्यात अर्थ नाही. केबल, तिचे टोक किंवा स्विचचे पोर्ट यांपैकी एक गेलेले असते. चालू असलेल्या दुसऱ्या यंत्राची केबल लावून पाहिली की दोन मिनिटांत निकाल लागतो. उंदरांनी कुरतडलेली केबल आपल्याकडे विरळा नाही. वळवाच्या पावसात विजेचा झटका तांब्याच्या तारेतून येऊन पोर्ट जाळतो. तांब्याच्या इथरनेटची मर्यादाही १०० मीटरचीच, म्हणून दोन इमारतींमध्ये काचेचा तंतू बरा. त्यातून वीज वाहत नाही.

दिवा पेटतो, तरी संपर्क नाही? मग पत्ता पाहावा. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला अंकांचा पत्ता असतो. यंत्र १९२.१६८.१ या गटात आणि संगणक १९२.१६८.० या गटात असेल, तर ते शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत. इंटरनेटवाल्याने नवा राउटर बसवला की हमखास असे होते. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कुणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने तो स्वतः घेतला आहे असे समजावे. सर्वांत छळणारा दोष मात्र दोन यंत्रांना एकच पत्ता असण्याचा. एका गल्लीत दोन घरांना एकच नंबर असला की पोस्टमन कधी इकडे, कधी तिकडे. तसा संपर्क सकाळी असतो, दुपारी जातो. लॅपटॉपवर वाय-फाय आणि केबल दोन्ही चालू असतील तर संदेश भलत्याच वाटेने जाऊ शकतो. तपासणीपुरते वाय-फाय बंद करावे.

यानंतर ‘पिंग’, म्हणजे यंत्राला हाक मारून उत्तर किती वेळात येते ते पाहणे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. २० किलोमीटरवरच्या अँटेनापर्यंत जाऊन यायला मिलिसेकंदाचा पाचवा भागही पुरतो. त्यामुळे एकाच खोलीतल्या यंत्राचे उत्तर शेकडो मिलिसेकंदांनी येत असेल किंवा मधूनच गळत असेल, तर दोष अंतराचा नाही, वाटेतल्या जोडणीचा आहे.

पिंगला उत्तर येते आणि तरीही सॉफ्टवेअर ‘यंत्र सापडत नाही’ म्हणते, इथे पुष्कळ जण हात टेकतात. खरे तर निम्मे काम झालेले असते: केबल आणि पत्ता दोन्ही ठीक आहेत. आता संगणकाचा फायरवॉल पाहावा. एखाद्या अपडेटनंतर तो जुनी परवानगी विसरू शकतो. शिवाय छोट्या नियंत्रकांची स्मरणशक्ती तुटपुंजी. त्यांतले अनेक एका वेळी एकाशीच बोलतात. संगणक मध्येच बंद पडला तर नियंत्रकाच्या लेखी जुने संभाषण चालूच राहते. जुन्या लँडलाइनचा रिसीव्हर नीट ठेवला नाही की लाइन एंगेज लागायची, तसेच हे. यंत्र बंद करून चालू केले की ते सुटते. म्हणूनच हा उपाय इतका लोकप्रिय आहे. पण रोज तेच करावे लागत असेल, तर ठरावीक वेळाने समोरचा जिवंत आहे का हे विचारणारी सोय सुरू करून घ्यावी. आणि तपासणी किंवा निरीक्षण चालू असताना यंत्र परस्पर बंद करू नये.

खोडदला यात आणखी एक पेच आहे. इथरनेटची उपकरणे स्वतःच थोडा रेडिओ गोंगाट करतात आणि दुर्बीण ऐकते ती अब्जावधी किलोमीटरवरून आलेली क्षीण कुजबुज. त्यामुळे तिथली इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या बंद पेट्यांत ठेवावी लागते. पेटीचे झाकण नीट बसले नाही, तर नियंत्रकाचा संपर्क अगदी उत्तम चालेल, बिघडेल ते निरीक्षण.