नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय

नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय (संक्षेप: ९२एनवाय, पूर्वीचा संक्षेप: ९२वाय) ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरातील एक सांस्कृतिक, शैक्षणिक व सामाजिक संस्था असून तिचे मूळ स्वरूप ज्यू समुदाय केंद्राचे आहे. १८७४ साली 'यंग मेन्स हिब्रू असोसिएशन' या नावाने तिची स्थापना झाली. मॅनहॅटनमध्ये लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यू व ९२वा रस्ता जेथे मिळतात तेथे तिची वास्तू असून त्यावरूनच संस्थेचे आजचे नाव रूढ झाले. काव्यवाचन, आधुनिक नृत्य, संगीत, चित्र व हस्तकला, व्याख्याने, ज्यू धर्म व संस्कृतीचा अभ्यास, बालशिक्षण आणि ज्येष्ठांसाठीचे उपक्रम असा तिच्या कार्याचा विस्तार आहे. संस्थेचे वर्ग आणि रंगमंच सर्व धर्मांच्या व वंशांच्या लोकांना खुले आहेत. एका समुदायाने आपल्यासाठी उभारलेले घर हळूहळू सगळ्या शहराचे सभागृह कसे बनते, आणि तसे होताना कोणते प्रश्न उभे राहतात, याचे हे एक महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

नाव

नावातील 'वाय' हे 'यंग' या इंग्लिश शब्दाचे आद्याक्षर आहे. शहरात एकट्याने राहणाऱ्या तरुणांसाठी १८४४ साली लंडनमध्ये 'यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन' स्थापन झाली आणि काही वर्षांतच ती अमेरिकेत पोहोचली. त्याच धर्तीवर ज्यू तरुणांच्या संस्था निघाल्या. 'यंग मेन्स हिब्रू असोसिएशन' हे नाव धारण करणारी पहिली अमेरिकन संस्था १८५४ साली बॉल्टिमोर येथे निघाली. अशा सर्वच संस्थांना बोलण्यात नुसते 'वाय' म्हणत असल्यामुळे, कोणते 'वाय' हे सांगण्यासाठी रस्त्याचा क्रमांक जोडण्याची प्रथा पडली. २०२२ साली संस्थेने 'द नाइन्टी-सेकंड स्ट्रीट वाय, न्यू यॉर्क' असे नाव व ९२एनवाय हा संक्षेप स्वीकारला.

इतिहास

स्थापना व स्थलांतरितांचा काळ

संस्थेचे संस्थापक न्यू यॉर्कमधील जर्मन वंशाचे ज्यू व्यापारी व व्यावसायिक होते. शहरात स्थिरावलेल्या या वर्गाला आपल्या तरुणांसाठी ग्रंथालय, व्याख्याने, व्यायाम आणि सभ्य करमणूक यांची सोय एका ठिकाणी हवी होती. १८८१ नंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. रशियन साम्राज्यातील ज्यूविरोधी दंगली आणि दारिद्र्य यांमुळे पूर्व युरोपातील ज्यूंचे मोठे स्थलांतर सुरू झाले. १९२४ साली अमेरिकेने स्थलांतरावर कडक निर्बंध घालेपर्यंत २० लाखांहून अधिक ज्यू त्या देशात आले. यांपैकी बहुतेकांची भाषा यिडिश होती आणि अनेकांचे पहिले वास्तव्य मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत झाले.

या लोकांना इंग्लिश शिकवणे, नव्या देशाच्या नागरी जीवनाशी त्यांची ओळख करून देणे हे ज्यू संस्थांचे मुख्य काम झाले. १८८९ साली लोअर ईस्ट साइडमध्ये 'एज्युकेशनल अलायन्स' ही संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेत यंग मेन्स हिब्रू असोसिएशनचा वाटा होता. या कार्यात मदतीचा हात होता, तसाच स्थिरावलेल्या ज्यूंचा संकोचही होता. नवागतांची भाषा व राहणी शक्य तितक्या लवकर 'अमेरिकन' व्हावी, अशी त्यांची अपेक्षा असे. समुदाय केंद्राने मूळ संस्कृती जपावी की नव्या संस्कृतीत सामील होण्याची वाट दाखवावी, हा वाद येथूनच सुरू होतो.

वास्तू

बँकर व दानशूर जेकब शिफ यांच्या देणगीतून १९०० साली लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यू व ९२वा रस्ता येथे संस्थेची इमारत झाली. जागा अपुरी पडू लागल्यावर १९३० साली नवी मोठी वास्तू उभारण्यात आली. तिच्यातील कौफमन कॉन्सर्ट हॉल या सुमारे ९०० आसनांच्या सभागृहाने संस्थेचे भवितव्य बदलले. वर्गखोल्या, व्यायामशाळा, तरुणांचे वसतिगृह आणि उत्तम ध्वनियोजना असलेले सभागृह एकाच छपराखाली आले. १९०२ साली सुरू झालेली 'यंग विमेन्स हिब्रू असोसिएशन' ही स्त्रियांची संस्था १९४५ साली तिच्यात विलीन झाली.

कोलोडनी यांचे धोरण

संस्थेला आजचे सांस्कृतिक रूप देण्याचे श्रेय मुख्यतः विल्यम कोलोडनी यांना दिले जाते. १९३०च्या दशकाच्या मध्यावर ते शिक्षण विभागाचे संचालक झाले आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांनी हे काम पाहिले. तो महामंदीचा काळ होता. नव्या नृत्याला, कवितेला किंवा चेंबर संगीताला व्यावसायिक नाट्यगृहांत फारसे स्थान नव्हते, कारण त्यांतून तिकिटांचा खर्च निघण्याची खात्री नसे. कोलोडनी यांनी नेमक्या याच कलांना आपल्या रंगमंचावर आणले.

त्यांच्या रचनेत शिक्षण व प्रयोग परस्परांना पूरक होते. ज्या कलेचे कार्यक्रम सभागृहात होत, तिचे वर्ग त्याच वास्तूत चालत. त्यामुळे शिकणाऱ्यांमधून जाणकार प्रेक्षक तयार होत आणि कलावंतांना शिकवण्याचे काम मिळे. हंगामभराच्या कार्यक्रमांची एकत्र वर्गणी घेण्याच्या पद्धतीमुळे अपरिचित कलावंतालाही निश्चित श्रोते लाभत. कलावंताची निवड करताना तो ज्यू आहे की नाही हा निकष नव्हता.

सांस्कृतिक व शैक्षणिक उपक्रम

नृत्य

संस्थेचे नृत्य केंद्र १९३५ साली सुरू झाले. आज ते हार्कनेस डान्स सेंटर या नावाने ओळखले जाते. त्याच्या आरंभीच्या काळाशी मार्था ग्रॅहम, डोरिस हम्फ्री, चार्ल्स वाइडमन आणि हान्या होल्म या अमेरिकन आधुनिक नृत्याच्या प्रवर्तकांचा संबंध आला. हम्फ्री यांनी पुढे केंद्राचे नेतृत्वही केले.

वांशिक भेदभावामुळे कृष्णवर्णीय नर्तकांना अनेक मंचांवर संधी मिळणे कठीण होते, त्या काळात या सभागृहाचे महत्त्व विशेष होते. पर्ल प्रायमस यांचे पदार्पण १४ फेब्रुवारी १९४३ रोजी येथे झाले. अल्विन एली यांच्या नृत्यसंचाचा पहिला प्रयोग ३० मार्च १९५८ रोजी येथेच झाला, आणि कृष्णवर्णीयांच्या भक्तिसंगीतावर आधारलेली 'रेव्हेलेशन्स' ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना ३१ जानेवारी १९६० रोजी याच मंचावर प्रथम सादर झाली.

येथील प्रयोगांचे स्वागत नेहमीच झाले असे नाही. २० ऑक्टोबर १९५७ रोजी पॉल टेलर यांनी सात नव्या नृत्यांचा कार्यक्रम केला. त्यांतील एका नृत्यात दोन्ही कलावंत अखेरपर्यंत स्थिरच राहिले. अनेक प्रेक्षक उठून गेले. समीक्षक लुई हॉर्स्ट यांनी 'डान्स ऑब्झर्व्हर' या नियतकालिकात त्यावर छापलेले परीक्षण म्हणजे केवळ कोरी जागा होती. खाली त्यांच्या नावाची आद्याक्षरे होती. टेलर पुढे अमेरिकेतील अग्रगण्य नृत्यरचनाकार झाले. व्यावसायिक रंगभूमीला न परवडणारा धोका पत्करणे हे या मंचाचे कार्य होते, ते या प्रसंगावरून दिसते.

याच्याच जोडीला ज्यू व इस्रायली लोकनृत्याचे वर्गही चालत. नाझी राजवटीमुळे व्हिएन्ना सोडावे लागलेले नर्तक फ्रेड बर्क यांनी संस्थेत ज्यू नृत्याचा विभाग उभा केला. त्यांच्या बुधवारच्या नृत्यसंध्यांमुळे इस्रायली लोकनृत्याचा अमेरिकेत प्रसार होण्यास मोठी मदत झाली.

काव्य व साहित्य

काव्य केंद्राची स्थापना १९३९ साली झाली. आज त्याला अंटरबर्ग पोएट्री सेंटर म्हणतात. कवीने श्रोत्यांसमोर स्वतःची कविता वाचणे हा सार्वजनिक कार्यक्रमाचा स्वतंत्र प्रकार म्हणून अमेरिकेत रुजवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. टी. एस. एलियट, डब्ल्यू. एच. ऑडन, पाब्लो नेरुदा, यिडिश कथाकार आयझॅक बाशेविस सिंगर यांच्यासह अनेक लेखकांनी येथे वाचन केले आहे. १९४९ पासूनच्या वाचनांची ध्वनिमुद्रणे संस्थेने जतन केली असून ती विसाव्या शतकातील साहित्याच्या अभ्यासाचे मौलिक साधन ठरली आहेत. नवोदित कवींसाठी स्पर्धा आणि लेखनाचे वर्ग हेही केंद्राचे नियमित उपक्रम आहेत.

केंद्राचे संचालक जॉन माल्कम ब्रिनिन यांनी १९५० साली वेल्श कवी डिलन टॉमस यांना प्रथम अमेरिकेत आणले. टॉमस यांच्या 'अंडर मिल्क वुड' या आवाजांसाठी लिहिलेल्या नाटकाचे पहिले सामूहिक वाचन १४ मे १९५३ रोजी येथे झाले. पडदा वर जाण्याची वेळ होईपर्यंत संहितेचा शेवट लिहिला जात होता. स्वतः टॉमस त्यात सहभागी होते. त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी न्यू यॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यामुळे या वाचनाच्या ध्वनिमुद्रणाला ऐतिहासिक मोल आले.

ध्वनिपुस्तकांच्या इतिहासातही या सभागृहाला स्थान आहे. १९५२ साली येथील टॉमस यांच्या वाचनाला आलेल्या बार्बरा होल्ड्रिज व मेरिअ‍ॅन मॅन्टेल या दोन तरुणींनी त्यांना कवितांच्या ध्वनिमुद्रणासाठी विचारले. त्यातून 'केडमन' ही ध्वनिमुद्रिका कंपनी उभी राहिली. लेखकाच्या आवाजातील साहित्याला ग्राहकवर्ग आहे हे तिने सिद्ध केले.

संगीत, चित्र व हस्तकला

संगीत विभागाचा आरंभ १९१७ साली ज्यू उपासना-संगीताचे रचनाकार ए. डब्ल्यू. बाइंडर यांनी केला. १९६६ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांचा या विभागाशी संबंध होता. संगीतशाळेत सर्व वयांच्या विद्यार्थ्यांना वाद्यवादन व गायन शिकवले जाते. १९७० साली मॉरिस लेव्हिन यांनी 'लिरिक्स अँड लिरिसिस्ट्स' ही कार्यक्रममाला सुरू केली. अमेरिकन संगीत-नाटकांतील गीतकार स्वतः मंचावर येऊन आपल्या गीतांमागील विचार सांगत, असे तिचे मूळ स्वरूप होते. कला केंद्रात चित्रकला, मातीकाम व दागिने घडवण्याचे वर्ग चालतात.

व्याख्याने व ज्यू अध्ययन

हिब्रू भाषा, तोरा व तालमूद यांचे वर्ग, सणांचे कार्यक्रम आणि ज्यू इतिहासावरील व्याख्याने हा संस्थेच्या कार्याचा मूळ गाभा आहे. नाझी छळछावणीतून वाचलेले लेखक एली वीझेल यांनी १९६७ पासून अनेक दशके येथे व्याख्याने दिली. बायबलमधील व्यक्तिरेखा, तालमूदमधील विद्वान आणि हसिदी गुरू हे त्यांचे नेहमीचे विषय असत. राजकारण, विज्ञान व अर्थकारण यांतील मान्यवरांच्या जाहीर मुलाखतीही संस्थेत नियमितपणे होतात.

बालशिक्षण व समाजकार्य

बालवाडी, पालकांसाठी मार्गदर्शन, उन्हाळी शिबिरे, शालेय विद्यार्थ्यांसाठी कलाशिक्षण आणि ज्येष्ठ नागरिकांचे वर्ग असे सर्व वयोगटांचे उपक्रम संस्थेत चालतात. २०१२ साली संस्थेने युनायटेड नेशन्स फाउंडेशनच्या सहकार्याने 'गिव्हिंग ट्यूझडे' हा दानदिन सुरू केला. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी पाळला जाणारा हा दिवस पुढे अनेक देशांत पोहोचला.

वाद व टीका

ज्यू आशयाचे प्रमाण

समुदाय केंद्रातील कार्यक्रम किती प्रमाणात ज्यू असावेत, हा अमेरिकन ज्यू समाजातील जुना वाद आहे. मॉर्डेकाय कॅप्लन यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ज्यू परंपरा ही केवळ उपासना नसून भाषा, कला व सामूहिक जीवन यांनी बनलेली संस्कृती आहे, अशी मांडणी केली. तिच्यामुळे प्रार्थनास्थळाबाहेरच्या सांस्कृतिक केंद्रांना वैचारिक आधार मिळाला. इतिहासकार ऑस्कर जॅनोव्स्की यांच्या १९४८ सालच्या पाहणी-अहवालाने मात्र ज्यू आशयाला अग्रक्रम देणे हेच अशा केंद्रांचे प्रयोजन असल्याचे ठासून सांगितले. कोलोडनी यांच्या धोरणाचा कल याहून निराळा होता. कलेचा उत्तम दर्जा सर्वांसाठी खुला ठेवणे हेच ज्यू शिक्षणपरंपरेशी सुसंगत आहे, असे त्याचे समर्थक मानतात. वेगळेपण पुसट होत गेल्यास केंद्राचे 'ज्यू' हे विशेषण नावापुरते उरेल, असे टीकाकारांचे म्हणणे असते.

आर्थिक विषमता

गरीब स्थलांतरितांच्या सेवेत वाढलेली ही संस्था आज शहराच्या अतिशय महागड्या भागात आहे. तिच्या बालवाडीतील प्रवेश श्रीमंत कुटुंबांनाही दुर्मीळ वाटतो. सिटीग्रुप या वित्तसंस्थेने पाच वर्षांत १० लाख डॉलरची देणगी देण्याचे ठरवले होते. या देणगीचा संबंध तिच्या एका विश्लेषकाच्या मुलांच्या बालवाडी-प्रवेशाशी होता का, या प्रश्नावरून २००२ साली मोठी चर्चा झाली.

२०२३चा वाद

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यानंतर आणि गाझातील युद्ध सुरू असताना, २० ऑक्टोबर रोजी होणारा कादंबरीकार व्हिएत टान्ह नुएन यांचा कार्यक्रम संस्थेने ऐनवेळी स्थगित केला. इस्रायलवर टीका करणाऱ्या एका खुल्या पत्रावर त्यांची सही होती. कार्यक्रम त्याच संध्याकाळी शहरातील एका पुस्तकांच्या दुकानात पार पडला. निषेध म्हणून काही लेखकांनी आपले कार्यक्रम मागे घेतले, काव्य केंद्रातील कर्मचाऱ्यांनी राजीनामे दिले आणि संस्थेला वाचनमाला काही काळ थांबवावी लागली. आपण ज्यू संस्था असून समुदाय शोकात असताना मंचाचा वापर कसा व्हावा याचा विचार करणे आवश्यक होते, अशी संस्थेची भूमिका होती. मुक्त विचारांचा मंच ही ओळख एवढ्या वर्षांत मिळवलेल्या संस्थेने मतभेदाच्या वेळीच दार लावले, असा टीकाकारांचा आक्षेप होता. सर्वांसाठी खुले सभागृह आणि विशिष्ट समुदायाचे आश्रयस्थान या दोन भूमिका एरवी एकत्र नांदत आल्या. या प्रसंगात त्या समोरासमोर आल्या.

सद्यस्थिती

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे वास्तू बंद करावी लागल्यावर संस्थेने व्याख्याने, वर्ग व संगीतसभा आंतरजालावर नेल्या. त्यामुळे न्यू यॉर्कबाहेरील श्रोतेही त्यांत सहभागी होऊ लागले. प्रत्यक्ष कार्यक्रम पुन्हा सुरू झाल्यानंतरही दूरस्थ वर्ग चालू ठेवण्यात आले आहेत. संस्थेचा खर्च मुख्यतः वर्गांचे शुल्क, तिकीटविक्री आणि देणग्या यांतून भागवला जातो.