डोक्यावर लोंबणारं आणि येऊ घातलेलं

‘पेंडिंग’ हा शब्द आता आपल्या घरात मराठीच झाला आहे. लाईटबिल पेंडिंग, गृहपाठ पेंडिंग. त्याचा भाऊ ‘इंपेंडिंग’ मात्र इंग्रजीच्या पुस्तकात भेटतो आणि मुलं दोघांची गल्लत करतात. पेंडिंग म्हणजे अडकून पडलेलं. इंपेंडिंग म्हणजे लवकरच घडणारं, आणि बहुधा घडू नये असं वाटणारं. मूळ क्रियापद ‘इंपेंड’.

इंग्रजीत ते साधारण 1600 च्या सुमारास लॅटिनमधून आलं. लॅटिनमध्ये ‘पेंडेरे’ म्हणजे लोंबणे. आधी ‘इन’ लागला की डोक्यावर लोंबणे. राजा डायोनिसियसने डॅमोक्लिसच्या डोक्यावर घोड्याच्या एका केसाने तलवार टांगली, ही गोष्ट रोमन लेखक सिसेरोने सांगितली आहे. आपली ‘टांगती तलवार’ ती हीच.

खरी गंमत पुढे आहे. संस्कृतात ‘लंब्’ म्हणजेही लोंबणे. आता जोड्या लावा. पेंडिंग म्हणजे प्रलंबित. सस्पेंड म्हणजे निलंबित. डिपेंड म्हणजे अवलंबून. पेंड्युलम म्हणजे लंबक. भूमितीतला पर्पेंडिक्युलर म्हणजे लंब. आणि गवंडी भिंत सरळ आहे का हे ज्याने बघतो तो ओळंबा त्याच कुळातला. दोन्ही धातू वेगळे, पण कल्पना एकच. आपल्या इकडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांना हे अवघड वाटणारे मराठी शब्द अशा जोडीने चटकन लक्षात राहतात.

‘इंपेंडिंग’ला मात्र या कुळात जोडीदार नाही. तिथे आपण म्हणतो ‘येऊ घातलेलं’. येऊ घातलेली दिवाळी, येऊ घातलेली निवडणूक, येऊ घातलेलं संकट. इंग्रजी शब्दातली गोष्ट डोक्यावर लोंबते, कधी पडेल सांगता येत नाही. मराठीतली निघालेली असते, वाटेत असते. म्हणजे ती कुठवर आली, हे विचारता येतं.

सुरतकरांना हा फरक तापीने शिकवला आहे. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला. पण तापीचा पूर आभाळातून थेट सुरतेवर पडत नाही. तो मुलताईकडून निघतो, आपल्या खानदेशातून हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा करत उकाईला पोहोचतो आणि तिथून शंभरएक किलोमीटरवर आपण. जळगाव-नंदुरबारकडून ‘धरणाचे दरवाजे उघडले’ असा फोन आला, की गोडादऱ्यातल्या घरात तो नुसता गावाकडचा समाचार नसतो. लिंबायत भागातली मिठी खाडी मात्र एवढी सवड देत नाही. जोराचा पाऊस झाला की ती काही तासांत भरते.

म्हणून यंदा पावसाळ्याआधी मुलांना दोन्ही शब्द नकाशा समोर ठेवून शिकवा. तापीवर बोट फिरवत हतनूर, प्रकाशा, उकाई दाखवा. त्याच बैठकीत घरातली कागदपत्रं, औषधं आणि टॉर्च कुठल्या वरच्या फळीवर ठेवायची तेही ठरवून टाका. ते काम पेंडिंग ठेवू नका.