गोल्फचा विजेता कुंपणाच्या आतच का घडतो?

२०१५च्या फेब्रुवारीत दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन ओपनचा शेवटचा दिवस सुरू झाला, तेव्हा अनिर्बन लाहिरी आघाडीवरच्या एसएसपी चौरासियाच्या सात फटके मागे होता. ते मैदान अरुंद. दुतर्फा झाडोरा दाटलेला, चेंडू जरा वाकडा गेला की झुडपात. दिवसअखेर दोघे बरोबरीत आले आणि प्ले-ऑफच्या पहिल्याच होलवर लाहिरीनं बाजी मारली. त्याच वर्षी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये तो संयुक्त पाचवा आला. २०२२मध्ये प्लेयर्स चॅम्पियनशिप त्याच्या हातून अवघ्या एका फटक्यानं निसटली. १९८७मध्ये पुण्यात जन्मलेल्या या खेळाडूची जिद्द वादातीत आहे. पण त्या दिवशीच्या दोघांची घरं पाहा. लाहिरीचे वडील लष्करात डॉक्टर. आठव्या वर्षी त्यांनीच त्याला गोल्फ शिकवला. चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या हिरवळीची निगा राखणारे. एक अधिकाऱ्याचा मुलगा, दुसरा माळ्याचा. तरी दोघांनाही मैदान लहानपणीच मिळालं होतं. आपल्याकडे या खेळात गुणवत्तेच्याही आधी निवड होते ती फाटकापाशी.

यावर म्हटलं जातं, की अस्सल गुण लपत नाही; दिल्लीचा कॅडी अली शेर १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकलाच ना? जिंकला, आणि तो पराक्रम मोठाच. पण खांद्यावर दुसऱ्याची बॅग घेऊन का होईना, तो रोज आत जात होता. तंजावरच्या भातपट्ट्यातल्या पापनाशम्‌च्या किंवा आपल्या जतच्या पोरासाठी तर तेवढीही वाट नाही. त्याच्या मनगटात काय आहे हे कळणार कसं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अठरा होलांच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन आणि भरपूर पाणी लागतं. कावेरीच्या पाण्यावर तंटे चालू असताना किंवा जतमध्ये टँकर फिरत असताना गवतासाठी पाणी मागणं गैरच. म्हणून नवी मैदानं नकोतच. आहेत ती उघडावीत. शिवाय पार ७२च्या मैदानावर हिशेब प्रत्येक हिरवळीवर दोन पट्सचा, म्हणजे बहात्तरपैकी छत्तीस फटके पटिंगचे. गोल्फचा हा अर्धा भाग शाळेच्या पटांगणाएवढ्या तुकड्यावर शिकवता येतो. चौरासियाचं नाव झालं तेही चिपिंग आणि पटिंगच्या जोरावरच.

पुणे, मुंबई आणि नाशिकच्या क्लबांनी, तसंच लष्करी मैदानांच्या व्यवस्थापनानं, आठवड्यातली एक सकाळ महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांच्या मुलांना द्यावी. सरावाचा कोपरा, जुन्या स्टिक्स आणि एक प्रशिक्षक, एवढ्यावर येत्या हंगामापासून सुरुवात होऊ शकते.