घरी जोडलेला संगणक चालू होत नाही : दोष कसा शोधायचा?



सुटे भाग आणून घरीच जोडलेला, म्हणजे असेम्बल केलेला संगणक एखाद्या दिवशी बटण दाबूनही चालू होत नाही. मग घरात एकच चर्चा, "जळला वाटतं! आता नवीनच घ्यावा लागणार." मोरगावहून तो उचलून बारामतीला न्यायचा म्हणजे एक दिवस मोडतो, खर्च वेगळाच. आणि सगळ्यात मोठी धास्ती ही, की कुणी "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटलं तर प्रकल्प, नोट्स, घरातले फोटो सगळं जाईल. पण चालू न होणं म्हणजे जळणं नव्हे. दोष नेमका कुठे अडकलाय ते क्रमाने शोधलं, तर बऱ्याचदा काम घरीच होतं.

क्रम कोणता?

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही, तर कुणी लगेच मोटर वर काढत नाही. आधी लाईट आहे का बघतात, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. मोटरला हात सगळ्यात शेवटी. संगणकाचंही तसंच आहे. तो तीन टप्प्यांत चालू होतो : आधी वीज पोहोचते, मग मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि शेवटी डिस्कवरून विंडोज सुरू होते. गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली, हे आधी ओळखायचं.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी

प्लग काढा. चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कोरड्या हवेत अंगावर स्थितिक विद्युत साठते. तिने नाजूक भाग खराब होऊ शकतात, म्हणून आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक वीज राहू शकते.

टप्पा १ : पंखा नाही, दिवा नाही

१) त्याच सॉकेटला मोबाईलचा चार्जर लावून पाहा. यूपीएस वापरत असाल तर तो वगळून थेट वीज द्या.

२) एसएमपीएसच्या मागचं बटण पाहा. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद.

३) काही जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असं सरकतं बटण असतं. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. ते चुकून ११५ वर ठेवून वीज दिली, तर एसएमपीएस जळू शकतो.

४) मदरबोर्डचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा कनेक्टर नीट बसलाय का? घरी जोडताना हा छोटाच विसरला जातो.

५) कॅबिनेटच्या बटणाची वायर मदरबोर्डवर ज्या दोन पिनांवर बसते, त्या मॅन्युअलमध्ये बघून ओळखा. वायर काढा, वीज द्या आणि त्या दोनच पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. संगणक चालू झाला, तर फक्त बटण बिघडलंय!

६) तरीही शांतता असेल, तर मल्टिमीटर वापरता येणाऱ्या मोठ्या माणसाकडून एसएमपीएस तपासून घ्या. पिवळ्या वायरवर १२, लाल वायरवर ५ आणि नारिंगी वायरवर ३.३ व्होल्ट हवेत. पाच टक्के फरक चालतो, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६.

टप्पा २ : पंखे फिरतात, पण पडदा काळा

म्हणजे वीज आली, पण तपासणी अडकली. या तपासणीला 'पोस्ट' म्हणतात. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्येही ती होती. चूक सापडली की मदरबोर्ड बीप वाजवतो. नव्या मदरबोर्डांवर बीपऐवजी बऱ्याचदा सीपीयू, डीरॅम, व्हीजीए असं लिहिलेले बारीक दिवे असतात. कोणता दिवा लागून राहिला किंवा किती बीप वाजले ते टिपून घ्या आणि मॅन्युअलमध्ये अर्थ पाहा.

पहिला संशय रॅमवर. आपला जिरायती पट्टा, त्यात उन्हाळ्यातली धूळ! रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कोरड्या ब्रशने धूळ झाडा आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरची केबल कार्डालाच लावली आहे ना, हेही पाहा.

टप्पा ३ : कंपनीचं नाव दिसतं, पुढे काही नाही

'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर आधी पेनड्राइव्ह काढा, मग डिस्कच्या दोन्ही केबली घट्ट करा. तारीख भलतीच दिसत असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपलेली असू शकते. ती संपली की सेटिंग्ज पुसली जातात आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, हे संगणक विसरू शकतो. बॅटरी बदला, सेटिंग्ज पुन्हा करा.

आणि फॉरमॅटची घाई नको! मदरबोर्ड किंवा एसएमपीएस बिघडला, तरी डिस्कवरची माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून आधी सगळं उतरवून घ्या. दुरुस्तीला दिलात, तरी हे आधी स्पष्ट सांगा.

सर्वांत महत्त्वाचा नियम

एका वेळी एकच बदल. विज्ञानाच्या प्रयोगात आपण एकच घटक बदलतो आणि बाकीचे तसेच ठेवतो, तेच इथे. रॅम, केबल, बॅटरी एकदम बदलली आणि संगणक चालू झाला, तर दोष कशात होता ते कळतच नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

स्वाध्याय

१) पंखा फिरतो, एकही बीप नाही, पडदा काळा. दोष कोणत्या टप्प्यावर आहे? पहिली तीन कामं क्रमाने लिहा.

२) चालू संगणकाच्या मदरबोर्डवरील सर्व जोडण्यांचा फोटो आजच काढून ठेवा. बंद पडल्यावर तोच उपयोगी पडेल.