उरूस : परभणीचा आणि पाकिस्तानातला

पिंगळीसारख्या गावांतून दर फेब्रुवारीत माणसं परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसाला जातात. २ फेब्रुवारीपासून चालणाऱ्या या उरुसात हिंदू-मुसलमान दोघेही चादर चढवतात, नवस फेडतात. पाकिस्तानातलं लोकजीवन समजून घ्यायला ही ओळखीची वाट सोयीची आहे.

उरूस म्हणजे सूफी संताचा पुण्यतिथी-उत्सव. पाकिस्तानात तो बहुधा इस्लामी चांद्र पंचांगानुसार येतो, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते. परभणीचा मात्र इंग्रजी तारखेला बांधलेला आहे.

पाकिस्तानात दर्गे रोजच्या जगण्यातही आहेत. लाहोरला दाता दरबार या दर्ग्यात भुकेल्याला लंगरचं जेवण मिळतं आणि उरुसात भाविकांना दूध वाटतात. सिंधमध्ये भिटशाहला शाह अब्दुल लतीफ यांच्या दर्ग्यात फकीर दंबुरा हे तंतुवाद्य छेडत त्यांची सिंधी काव्यं गातात. सेहवानला लाल शाहबाज कलंदर यांच्या दर्ग्यात संध्याकाळी नगारे वाजतात आणि ‘धमाल’ हे बेभान नृत्य सुरू होतं. त्यात बायकाही असतात, सिंधी हिंदूही येतात.

कट्टरपंथीयांना हे खुपतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सेहवानला आत्मघाती हल्ल्यात ८०हून अधिक भाविक मारले गेले. तरी दुसऱ्याच दिवशी तिथे पुन्हा धमाल झाली. शेजारच्या देशाची ओळख करून घेताना दर्ग्यांत जमणारी ही माणसंही आपल्याला माहीत हवीत.